जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा, २२ अंक, ११०० रुपये

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. काकांनीच बजावलंय, "लिहा काय लिहायचं ते, पण नाव टाकू नका, आधीच लोक येऊन फोटो काढून जातात आणि घेत काही नाहीत." त्यामुळे एवढंच सांगते की अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या एका बोळात आहे, शटर कायम अर्धंच वर असतं आणि बाहेर जो बोर्ड आहे तो छत्री दुरुस्तीचा आहे, तो उतरवायचा राहिलाय म्हणे. शोधा, सापडेल. गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळणार नाही, मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा.

मी गेले होते पोराचं नववीचं गाईड जुन्यात मिळतंय का बघायला. काका गल्ल्यावर बसून एक पिवळा पडलेला अंक वाचत होते आणि एकटेच हसत होते, म्हणजे अगदी खांदे हलत होते त्यांचे. मी दोनदा "काका" म्हटलं तर मान वर न करता एक बोट वर केलं, थांबा म्हणून. मला जरा रागच आला, गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि हे काय. मग त्यांनी अंक फिरवून माझ्यासमोर धरला. एकच चौकट. घरात चोर शिरलाय, कपाट सताड उघडं, त्याच्या हातात पिशवी, आणि पलंगावर नवरा-बायको पांघरूण छातीपर्यंत घेऊन बसलेत, आणि बायको त्या चोराला सांगतेय, "तेवढी यांची एलआयसीची पावती दिसली तर बाजूला ठेवा हो, महिनाभर शोधतोय." मी ओळ वाचली, चित्र बघितलं, मग त्या नवऱ्याचा चेहरा बघितला, तो चोराला घाबरलेला नाहीये, पावतीचा विषय निघाला म्हणून घाबरलाय, आणि मी फस्सकन हसले. कोणी काढलंय म्हणून कोपऱ्यात बघितलं तर सही अशी की गांडुळाने शाईत पाय बुडवून चालत जावं, आता गांडुळाला पाय नसतात हे मला माहितेय पण सही तशीच होती. गाईड राहिलंच. घरी आले ती सुतळीने बांधलेला गठ्ठा घेऊन.

भावाचं बोलायचं तर अंकाला सरासरी ५० पडले, दोन-चार सत्तरच्या दशकातले धरले तर मला स्वस्तच वाटले. घासाघीस मी केली, नाही असं नाही. काकांनी काही न बोलता गठ्ठा उचलून परत मागे ठेवला, मग दिले मी गुपचूप. क्यूआर कोड आहे, त्यांच्या मुलाने लावून दिलाय, पण काकांनी त्याच्यावर कॅलेंडर टांगलंय, तर कॅश न्या. एक ते चार बंद, आणि यावर आता कोणी जोक मारू नका, प्लीज.

तक्रारी आहेत. गठ्ठा सोडून बघायचा नाही हा काकांचा नियम, म्हणजे कलिंगडासारखं वरून टकटक करून घ्यायचं, आत लाल निघालं तर तुमचं नशीब. माझ्या गठ्ठ्यात एक अंक दुबार निघाला, एकाला मुखपृष्ठच नाही, तीनांना कसर लागलेली, आणि धूळ एवढी की दोन दिवस मी शिंकत होते आणि नवरा दर शिंकेला "अकराशे" म्हणत होता. दुकान म्हणून पाचपैकी साडेतीन देईन, त्यातला अर्धा त्या चोराच्या चित्राचा.

आता गठ्ठ्यात काय मिळालं ते. मला व्यंगचित्रातलं कळतं असं मी कधीच म्हटलं नव्हतं. आर. के. लक्ष्मण माहीत होते, ते सगळ्यांनाच माहीत असतात, सेनापती बापट रोडला सिंबायोसिसपाशी त्यांच्या कॉमन मॅनचा पुतळा आहे तिथून मी रोज बसने जायचे कॉलेजला असताना, शेवटची वर्षं ते पुण्यातच होते, २०१५ च्या २६ जानेवारीला गेले आणि आता बालेवाडीला त्यांचं संग्रहालयही झालंय. पण १९५१ पासून त्यांनी वर्षानुवर्षं रोज एक चौकट काढली आणि त्यात तो चेक्सच्या कोटातला माणूस कधी एक शब्द बोलला नाही, हे मी इतक्या वर्षांत कधी मुद्दाम लक्षात घेतलं नव्हतं. पुतळा बघून चित्र बघितल्यासारखं वाटतं ना, तसं झालं होतं माझं.

बाकीच्यांच्या बाबतीत तर कोरी पाटी. शि. द. फडणीस हे नाव ओळखीचं होतं, पण बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात ती गोड गोड चित्रं काढणारे हेच, हे मला या वयात कळलं. त्यांच्या चित्रात बहुतेक वेळा खाली ओळच नसते. तुम्ही बघता, काहीच घडत नाहीये असं वाटतं, रंग छान, रेष अशी की हात कुठे अडखळलाच नाही, आणि मग दोन सेकंदांनी डोक्यात बल्ब पेटतो. काकांकडे १९५२ चा 'मोहिनी'चा दिवाळी अंक आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, विकायचा नाही, फक्त दाखवतात आणि तेही हात पुसून या म्हणतात. त्याचं मुखपृष्ठ फडणिसांचं. बसस्टॉपवर एक तरुण आणि एक तरुणी, अनोळखी, एकाच्या कपड्यांवर मांजरं छापलेली आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. बास. एवढंच चित्र. यात प्रेम आहे का पळापळ ते तुम्ही ठरवा. सत्तर वर्षांहून जुनं आहे आणि मी त्या अर्ध्या शटरखाली वाकून उभी राहून हसत होते.

तर आता मुद्द्याची गोष्ट. गठ्ठ्यातले बहुतेक अंक एकाच घरातले असणार, कारण चौदा-पंधरा अंकांत एकाच हातच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. फक्त व्यंगचित्रांवर, कथा-कवितांना हात लावलेला नाही. आवडलं तर एक बरोबरची खूण, फार आवडलं तर दोन, आणि काही ठिकाणी बारीक अक्षरात शेरे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी वैतागले, खराब केलेत अंक म्हणून, आणि मग १९७४ च्या एका अंकात एका चित्राखाली वाचलं: "हिला दाखवलं. हसली नाही."

त्यानंतर मी अंक वाचायचे सोडून पेन्सिलच वाचायला लागले. पुढच्या वर्षीच्या अंकात परत, "हिला दाखवलं, म्हणाली यात काय आहे." एका ठिकाणी दोन खुणा आणि पुढे "ऑफिसात नेणे." आणि १९७८ मध्ये एका चित्राला चक्क तीन खुणा आणि "हिला दाखवलं, हसली!!" आणि पुढे तारीख आणि वेळ, रात्री ९.४०. ते चित्र काय म्हणून मी घाईघाईने बघितलं तर एक बाई नवऱ्याच्या डोक्यावर भाजीची पिशवी मोजून ठेवतेय असलं काहीतरी आहे, मला काही एवढं हसू आलं नाही. पण नवऱ्याला दाखवलं. तोही नाही हसला. त्या पेन्सिलवाल्याने चार वर्षं वाट बघितल्यावर त्याच्या बायकोला, त्या काकूंना, नेमकं त्याचंच हसू का आलं असेल हे काही केल्या डोक्यातून जाईना.

या माणसामुळे मला वसंत सरवटे सापडले, हे मात्र त्याला मानायला हवं. त्याच्या दुहेरी खुणा ज्या ज्या चित्रांवर होत्या त्यांच्या सह्या मी एका कागदावर उतरवून काढल्या, पोलीस करतात तसं, आणि एक सही सारखी सारखी येत होती. सरवटे पेशाने इंजिनिअर, एसीसी सिमेंटमध्ये नोकरी, आणि इकडे चित्रं. जयवंत दळवी 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' या नावाने साहित्यिकांची फिरकी घेणारं सदर लिहायचे, त्या ठणठणपाळाला चेहरा दिला तो यांनी. पण मला आवडली ती त्यांची घरातली चित्रं. त्यांच्या चित्रातलं घर खरं वाटतं हो. खुर्चीवर टॉवेल वाळत घातलेला असतो, त्याचा विनोदाशी संबंध नसतो, तो तिथे असतो कारण आपल्या घरात असतो. आणि ते गमतीची माणसं काढत नाहीत, साधी माणसं काढतात आणि गंमत त्यांच्यामध्ये कुठेतरी हवेत ठेवतात. मी हे नीट सांगू शकत नाहीये, तुम्ही बघा.

मंगेश तेंडुलकरांना त्या माणसाने फार खुणा केलेल्या नाहीत, हे मला पटलं नाही. एका ठिकाणी शेरा आहे, "भीती वाटली", आणि बरोबरची खूण नाही. पण तेंडुलकरांचं तेच तर आहे, हसता हसता घशात काहीतरी अडकतं. पुण्यातल्या लोकांना ते वेगळ्याच कारणाने आठवतात, दिवाळीत नळस्टॉप चौकात उभं राहून वाहतुकीच्या नियमांची व्यंगचित्रं असलेली पत्रकं वाटायचे, स्वतः, सिग्नलला थांबलेल्या लोकांना. २०१७ ला गेले. आमच्या बाबांना एकदा मिळालं होतं तसं पत्रक, बाबांनी ते स्कूटरच्या डिकीत ठेवलं आणि सिग्नल तोडायचे तसेच तोडत राहिले.

आई राहायला आली होती तेव्हा तिने गठ्ठा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "यात खिडकी आहे का?" मला कळेना कसली खिडकी. मग तिने सांगितलं. मधुकर पाटकरांच्या 'आवाज' या दिवाळी अंकाची ही खासियत, पानाला मधोमध एक चौकोन कापलेला असायचा, त्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा तुकडा दिसायचा, आणि तो तुकडा बघून तुमच्या मनात जे यायचं ते यायचं, आणि पान उलटलं की मागे एकदम सोज्ज्वळ चित्र. म्हणजे वात्रटपणा चित्रात नाही, तुमच्याच डोक्यात, आणि चित्रकार साळसूद. "आमच्याकडे तो अंक गादीखाली असायचा," आई म्हणाली, "आणि सगळ्यांना माहीत होतं गादीखाली आहे ते." आजोबा वाचून झाला की ठेवायचे, मग आजी काढून वाचायची आणि परत तिथेच ठेवायची आणि दोघंही एकमेकांना काही बोलायचे नाहीत. मी आईकडे बघतच राहिले. आईने हे मला पंचेचाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

पोराचं म्हणणं असं की हे सगळे मीम आहेत, फक्त हाताने काढलेले. मी म्हटलं मग तू काय बघतोस ते दाखव, तर त्याने फोनवर एक चित्र उघडून दाखवलं. एक गाय दोन पायांवर उभी, समोर टेबल, त्यावर चार ओबडधोबड वस्तू, खाली दोनच शब्द, ज्यांचा अर्थ गाईची अवजारं. मी म्हटलं बरं, मग? पोरगा म्हणाला हेच, मग काहीच नाही, म्हणून ते फेमस आहे. शोधलं तर खरंच निघालं. गॅरी लार्सन नावाचा अमेरिकन, १९८० ते १९९५ पंधरा वर्षं रोज एक चौकट काढायचा, गाई, साप, शास्त्रज्ञ, आदिमानव असलं सगळं, आणि हे गाईचं चित्र १९८२ चं. ते छापून आल्यावर लोकांना कळेना, पत्रांचा ढीग, पेपरांच्या ऑफिसात फोन, शेवटी त्याला खुलासा द्यावा लागला की बाबांनो, गाईने अवजारं केली असती तर ती अशीच गचाळ झाली असती, एवढंच म्हणायचं होतं. त्याची चूक म्हणजे एक वस्तू जरा करवतीसारखी दिसत होती, म्हणून लोक बसले बाकीच्या तीन ओळखत. मला हा माणूस एकदम आवडला. अख्ख्या देशाला जोक कळला नाही आणि तो म्हणतो, सॉरी, करवत नको होती काढायला.

मग मला लोकसत्तातलं आठवलं, प्रशांत कुलकर्णी जगभरच्या व्यंगचित्रकारांवर लिहायचे, मी तेव्हा चित्र बघून पान उलटायचे, आता ते शोधून वाचतेय. जेम्स थर्बर या माणसाची गोष्ट मला भलतीच आवडली. तो काढत होता खडकावर बसलेला सील, खडक जमला नाही, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीसारखा दिसायला लागला, तर याने खाली पलंगच काढला, पलंगात नवरा-बायको, आणि बायको चिडून म्हणतेय, बरं बाबा, तुझंच खरं, तुला सील ओरडलेला ऐकू आला. १९३२ साली छापलंय. फळीच्या वर सील बसलेला आहेच. चोराच्या चित्रातली ती दोघं आणि ही दोघं एकाच पलंगावरची वाटतात मला, फक्त आपल्याकडे पावती हरवलेली असते.

फोनवर ही चित्रं बघायला मिळतातच, घनश्याम देशमुखांच्या 'बोलक्या रेषा' मी फॉलो करते, छान असतात. पण फोनवर अंगठा थांबत नाही माझा. मला समजायच्या आधी तो पुढे गेलेला असतो. अंकात पान उलटायला जरा वेळ लागतो, शिवाय हे जुनं पान जोरात उलटलं की तुकडा हातात येतो, त्यामुळे सावकाशच बघावं लागतं, नाइलाज म्हणून का होईना.

तर ते मुखपृष्ठ नसलेल्या अंकाचं राहिलं. त्यात एका पानभर चित्राखाली माझ्या पेन्सिलवाल्याने लिहिलंय, "कळलं नाही." सगळ्या अंकांत मिळून हे एकदाच. चित्र असं, नाटकाच्या थेटरात दोन गृहस्थ शेजारी शेजारी बसलेत, पाठमोरे, दोघांनाही छान तुकतुकीत टक्कल, दोन्ही डोकी एकमेकांना टेकलेली, समोर पडदा. खाली ओळ नाही. बास. मला पण कळलं नाही. नवऱ्याला नाही, पोराला नाही, पोरगा म्हणाला गाईची अवजारं. आई एव्हाना परत सांगलीला गेली होती, तिला फोटो पाठवला तर तिने अंगठा पाठवला, म्हणजे तिने तो उघडला पण नसणार. चार दिवस मी ते चित्र फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवलं होतं, अंकासकट.

शेवटी शनिवारी अंक घेऊन दुकानात गेले. तसं दुबार आलेला अंकही बदलून हवा होता. काकांना चित्र दाखवलं, खालची पेन्सिल दाखवली. काकांनी चित्राकडे बघितलंच नाही. कोपऱ्यात बघितलं आणि विचारलं, "पान कितवं?"

"सदुसष्ट."

"आणि याच्या आधीचं?"

मी उलटलं. चौसष्ट.

काकांनी अंक पूर्ण उघडून उजेडाकडे धरला आणि शिवणीवरून नख फिरवलं. तिथे अर्ध्या बोटाएवढी कागदाची पट्टी शिल्लक होती, वरपासून खालपर्यंत, सरळ. फाटलेली नव्हती, कात्रीने कापलेली होती.

"खिडकी होती," काका म्हणाले. "तुमच्या माणसाच्या हातात अंक येईपर्यंत गेलेली होती."

मी आधी त्या पट्टीकडे बघितलं. मग दोन्ही हातांची बोटं जोडून चौकोन केला आणि त्या दोन टकलांच्या बरोबर मधोमध धरला. आणि मग मला बसायला स्टूल लागलं. काका पण हसत होते, खांदे हलवत. बाहेर एक बाई पाचवीची पुस्तकं आहेत का विचारत होती, त्यांनी तिच्याकडे न बघता बोट वर केलं.

"म्हणजे हिने कापलं?" मी विचारलं.

"मग काय मी?"

तेव्हा त्या काकूंना जोक कळला होता, सगळ्यांच्या आधी. बिचारा नवरा त्यांच्यासमोर एकेक चित्र धरत बसला वर्षानुवर्षं.

मी काकांकडून पेन्सिल घेतली आणि "कळलं नाही"च्या खाली बारीक अक्षरात "६५-६६" एवढं लिहून ठेवलं. दुबार अंक त्यांनी बदलून दिला नाही.